ज्यांची नावं वहीत नाहीत : सातारा जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळांचे सर्व सभासद यांना,

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नोकरीची बहुतेक वर्षं माण आणि खटाव तालुक्यांत गेली, निवृत्तीनंतर साताऱ्यात राहायला आले. विसाव्या वर्षापासून मी कुठल्या ना कुठल्या वाचनालयाची सभासद आहे. माझ्याजवळ जे काही चांगलं आहे, त्यातलं बरंचसं वाचनालयांनी दिलेलं आहे. म्हणून हे पत्र तक्रारअर्ज समजू नका. घरातल्या माणसानं घरातल्यांशी बोलावं, तसं बोलते आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत चार घरी धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंना घेऊन मी एका वाचनालयात गेले. ताईंचं वय ५२. लहानपणी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. केंद्र सरकारच्या ‘उल्लास’ या नवभारत साक्षरता कार्यक्रमात मी स्वयंसेवक म्हणून शिकवते, त्यात दुपारची भांडी उरकली की त्या माझ्याकडे बसायच्या. त्यांनी परीक्षा दिली. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. उत्तीर्णचं प्रमाणपत्र हातात आलं त्या दिवशी त्या म्हणाल्या, “बाई, आता मला एक आख्खं पुस्तक वाचायचंय.” त्या दिवसाचं काम लवकर आटपून, ठेवणीतली साडी नेसून त्या माझ्याबरोबर निघाल्या.

खिडकीवर अर्ज मिळाला. फोटो, रहिवासाचा पुरावा, दोन जुन्या सभासदांची शिफारस, अनामत रक्कम, दोन महिन्यांची आगाऊ वर्गणी. ताई भाड्याच्या खोलीत राहतात, लाइटबिल मालकाच्या नावावर, आधार कार्डावर गावचा पत्ता. शिफारशीला मी एक होते, दुसरं माणूस कुठून आणायचं? ग्रंथपालबाई मनानं चांगल्या. “दुसरी सही मी करते,” म्हणाल्या. अनामत भरली. मग त्यांनी विचारलं, काय वाचणार? ताई म्हणाल्या, “सोपं द्या, पर गोष्ट पायजे.”

आम्हाला बाल विभागात नेण्यात आलं. छोट्या रंगीत खुर्च्या, भिंतीवर ससा आणि कासव. ताईंनी एक पुस्तक उघडलं, दोन पानं उलटली, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “बाई, ही बारक्या पोरांची हायती.” मग आम्ही कादंबऱ्यांच्या कपाटाकडे गेलो. चारशे पानं, मुंगीसारखी अक्षरं. त्यांनी एक कादंबरी दोन्ही हातांत धरली, वजन पाहावं तशी धरली, आणि परत जागेवर ठेवली. ससा आणि चारशे पानं यांच्या मध्ये त्या वाचनालयात काही नव्हतं. मोती चौकापर्यंत आम्ही दोघी एक अक्षर बोललो नाही.

ग्रंथपालबाईंचा यात दोष नाही. त्यांना दिलेल्या नियमांत आणि त्यांच्या ताब्यातल्या कपाटांत ताईंसारखं माणूस कुणी कधी धरलेलंच नव्हतं.

हे मला इतकं का लागलं, ते सांगायला आईची गोष्ट सांगावी लागेल. १९५९ साली आपल्या सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. एकेकट्या माणसाला नव्हे, आख्ख्या गावाला एकदम साक्षर करायचं, अशी ती कल्पना. इथं रुजली आणि मग राज्यभर गेली. माणमधल्या आमच्या गावातही रात्रीचे वर्ग भरले, मारुतीच्या देवळात, कंदिलाच्या उजेडात. दिवसभर रानात खुरपून आलेल्या बायका मांडीवर पोर घेऊन पाटीवर ग, म, भ गिरवायच्या. त्यातल्या एका मांडीवर मी होते. शेवटी ग्रामगौरवाचा समारंभ झाला. गाव सारवून काढलं, तोरणं लागली, तालुक्याहून साहेब आले, गाव साक्षर झाल्याचं जाहीर झालं. आई ते सगळं लग्नातल्यासारखं रंगवून सांगायची.

समारंभ झाला आणि कंदील ज्याच्या त्याच्या घरी गेले. पुढे गावात वाचायला काही आलं नाही. वर्तमानपत्र येत नव्हतं, वाचनालय नव्हतं, घरात पंचांगाशिवाय छापील कागद नव्हता. मी चौथीत असताना हौसेनं माझं मराठीचं पुस्तक आईपुढे धरलं. तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, तीन अक्षरं लावली, चौथ्यापाशी थांबली, आणि पुस्तक मिटून म्हणाली, “चुलीवर दूध हाय.” चुलीवर दूध नव्हतं.

सही मात्र शेवटपर्यंत राहिली. सोसायटीत, बँकेत, शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या कागदावर, तिनं अंगठा कधी दिला नाही. सही राहिली, वाचन गेलं. साक्षरतेचं काम करणाऱ्या प्रत्येकाला हे दुखणं ठाऊक आहे. शिकलेली अक्षरं रोज वापरात आली नाहीत तर दोन-चार वर्षांत पुसली जातात. वर्ग चालवणं हे सरकारचं आणि आम्हा शिक्षकांचं काम. पण वर्ग संपल्यावरच्या दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या हातात काय पडतं, हे काम वाचनालयाचं आहे, आणि ते दुसरं कुणी करणार नाही. आईच्या वेळी गावात वाचनालय नव्हतं, असं म्हणता येत होतं. आज आहे. तरी ताई रिकाम्या हातानं परतल्या.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे : आपण आपली सभासदांची वही उघडून त्यात कोण आहे ते मोजतो. वाचनालयाचा सरकारदरबारी ठरलेला दर्जा टिकवायला, अनुदानाला, वार्षिक अहवालाला तो आकडा लागतो. कोण नाही, हे आपण कधीच लिहून काढत नाही. ते एकदा लिहून काढा.

वहीत नाव चढण्याचं मोल साताऱ्याला नव्यानं सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातल्या शाळेच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकाला भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढलं. तीच शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एका मुलाचं नाव वहीत चढलं, याचा आपण सण करतो. मग आपल्या वाचनालयाच्या वहीत कुणाचं नाव चढायचं राहून गेलं, हे विचारणं आपल्याकडून साताऱ्यातच सुटू नये.

मी हे एका छोट्या गावी करून पाहिलं. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या कार्यवाहांच्या परवानगीनं एक दुपार वही घेऊन बसले. आडनावांवरून आणि पत्त्यांवरून गावाचा नकाशा आपोआप तयार झाला. तीन आळ्यांतली नावं भरपूर. ओढ्यापलीकडच्या वस्तीतलं एकही नाही. मुसलमान मोहल्ल्यातली दोन घरं, दोन्ही शिक्षकांची. बायकांची नावं होती, पण त्यातली कितीतरी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या जोडीनं, पुस्तक बदलायला येणारा पुरुषच. अपंग सभासद किती, या प्रश्नावर कार्यवाह बराच वेळ विचार करत राहिले. “कुणी आलंच नाही,” म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. वाचनालय वरच्या मजल्यावर आहे आणि जिना जुन्या वाड्याचा आहे. हातात दोर धरून चढायचा.

बायकांचं आणखी थोडं बोलते. आपल्या बहुतेक वाचनालयांची वेळ सकाळी आणि संध्याकाळी. सकाळी डबे, संध्याकाळी स्वयंपाक. बाईला मोकळा वेळ मिळतो तो दुपारी साडेबारा ते साडेतीन, आणि नेमकी तेव्हाच खिडकी बंद असते. कुणी मुद्दाम हे केलेलं नाही. नोकरदार पुरुषाच्या दिवसावरून एकदा वेळा ठरल्या, त्या पुढे तशाच चालत आल्या. ‘महिला विभाग’ अशी पाटी असलेल्या कपाटात मी पाककृती, भरतकाम, मेंदी आणि व्रतवैकल्यं पाहिली आहेत. पुस्तकं वाईट नाहीत. पण त्या कपाटासमोर उभं राहिलं की वाटतं, पीककर्जाचे नियम, पोटगीचा कायदा, गर्भाशयाचे आजार, बचत गटाचे हिशेब, हे सगळं कुठल्या विभागात ठेवलं असेल आणि तिथंपर्यंत बाईला कोण नेईल? सावित्रीबाई फुले आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. त्यांचा फोटो प्रत्येक वाचनालयात आहे. फोटोखालचं कपाट त्या फोटोला शोभणारं हवं.

आणि अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी आज आपली वाचनालयं जिवंत ठेवली आहेत, हे मी मान्य करते. रात्री अकरापर्यंत माना खाली घालून बसलेली ती पोरं पाहिली की जीव भरून येतो. पण संध्याकाळी सहा वाजले की मुलींच्या खुर्च्या रिकाम्या होतात. शेवटची एसटी हे एक कारण. दुसरं कारण मला एका मुलीनं चाचरत सांगितलं : “बाई, तिथं आम्हाला बाथरूमच नाही. मी सकाळपासून पाणी पीत नाही.” कितीही चांगली पुस्तकं ठेवा, ज्या इमारतीत मुलगी पाणी पिऊ शकत नाही ती तिची नाही.

जिल्हा आपल्याला वाटतो त्याहून जास्त तऱ्हांच्या माणसांचा आहे. शिरवळ, लोणंद, साताऱ्याची एमआयडीसी इथं उत्तरेकडून आलेले कामगार राहतात. त्यांची मुलं आमच्या शाळांत मराठी शिकतात आणि घरी भोजपुरी बोलतात. कराड-फलटणच्या पट्ट्यात गाळप हंगामात ऊसतोडीची कुटुंबं येतात, पाच महिने पालांवर राहतात, पुन्हा बीडकडे जातात. माणातली मेंढपाळ घरं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतात. पारधी, कैकाडी, गोपाळ, वैदू वस्त्या आहेत. माझ्या वर्गात एक पारधी मुलगा होता. पहिलीचं पूर्ण वर्ष तो गप्प बसला. मला वाटलं मंद आहे. हे लिहिताना आजही मला वाईट वाटतं. तो घरी जी भाषा बोलायचा ती मला येत नव्हती, आणि माझी त्याला. दुसऱ्या वर्षी त्याच्या आजीकडून मी वीस-पंचवीस शब्द शिकून घेतले, तसा तो बोलायला लागला, आणि मग थांबेना.

अशा मुलांच्या भाषेत पुस्तकं कुठून आणायची, असं तुम्ही विचाराल. सगळ्या भाषांत मिळणार नाहीत. पण प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी, हिंदी, उर्दू, कन्नड, शिवाय अनेक आदिवासी भाषांतल्या सचित्र गोष्टी मोफत उतरवून घेता येतात, छापता येतात, आपणही भाषांतर करून त्यात भर घालू शकतो. वस्तीतली आजी गोष्ट सांगेल, गावातला कॉलेजचा मुलगा देवनागरीत लिहून घेईल, कुणी चित्र काढेल. त्याची शिवलेली वही, वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिथं नोंदतात त्या दाखल नोंदवहीत रीतसर चढवा, तिलाही दाखल क्रमांक द्या. त्या पोराला आपल्या घरातला शब्द वाचनालयाच्या कपाटात सापडेल तेव्हा त्याचं तोंड कसं होतं, ते मग तुम्हीच पाहा.

पालांवरचे आणि मेंढरांमागचे लोक वाचनालयात येणार नाहीत, पुस्तकांनाच तिकडे जावं लागेल. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या संस्थानात शंभरेक वर्षांपूर्वी पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत होत्या. तेव्हा रस्ते कसले होते! आज दुधाचा टेम्पो रोज सकाळी प्रत्येक वाडीत जातो. एक पत्र्याची पेटी त्यात बसते.

आता पोथीबद्दल, आणि इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

आमच्या गावात श्रावणात पोथी लागायची. देवळात एक जण ओवी वाचायचा, सुरात, आणि दुसरा अर्थ सांगायचा. समोर बसलेल्यांत निम्म्याहून जास्त माणसं निरक्षर. पण पुढचा अध्याय कुठला, काल कुठं थांबलो होतो, कुणाच्या तोंडी काय आहे, हे त्यांना वाचणाऱ्यापेक्षा जास्त पाठ. वाचणाऱ्यानं एखादी ओवी गाळली तर मागून एखादी म्हातारी ओरडायची, “आरं, मधलं राह्यलं की!” त्या म्हातारीला अक्षर येत नव्हतं. ती वाचक नव्हती असं कोण म्हणेल? माझ्या आईचं वाचन गेलं तरी तिचं ऐकणं गेलं नव्हतं. पुढे मी शिक्षिका झाले, सुट्टीत घरी गेले की तिला वाचून दाखवायचे. शंकर पाटलांच्या कथा ऐकताना ती डोळ्याला पदर लावून हसायची, आणि मध्येच गंभीर होऊन म्हणायची, “ह्यो मानूस आपल्या गावचाच असनार.” लेखकाची याहून मोठी पावती मी ऐकलेली नाही.

हा रिवाज आपल्याकडे शेकडो वर्षांचा आहे. वाचनालयांनी तो देवळासाठी सोडून दिला. आठवड्यातून एक दुपार वाचनालयात पुस्तक लावा, पोथी लावतात तसं. एक वाचेल, एक समजावून सांगेल, बाकीचे ऐकतील. कथा वाचा, प्रवासवर्णन वाचा, शेतीचं वाचा, वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचा. ज्याला वाचता येत नाही त्याला त्या दिवशी सभासद करून घ्या. ज्याला नुकतं वाचता यायला लागलंय त्याच्या हातात तेच पुस्तक द्या. ऐकलेली गोष्ट वाचायला सोपी जाते, हे मी पहिलीच्या वर्गात हजार वेळा पाहिलं आहे. आणि डोळ्यांनी दिसत नाही त्यांनाही तिथं कुणाची मेहेरबानी लागत नाही. ते बाकीच्यांसारखेच येऊन बसतात.

दृष्टिहीन वाचकांची गोष्ट तेवढ्यावर भागणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांना त्यांच्या वेळी, त्यांना हवं ते पुस्तक मिळायला हवं. यात अडचण कायद्याची नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. अपंग व्यक्तींना वाचता यावं म्हणून पुस्तक ब्रेल, ध्वनी किंवा इतर सुलभ रूपात आणायला त्यानं मुभा दिली. याच कामासाठी २०१३ साली माराकेश करार झाला आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश होता. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय चालू आहे, दृष्टिहीन आणि छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठीच. मी ओळखते तो एक मुलगा, बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करणारा, त्याला या ग्रंथालयाचं नाव पहिल्यांदा पुण्यात कळलं. साताऱ्यात सात वर्षं शिकूनही इथं कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या वाचनालयात एक संगणक आहेच. त्यावर पडद्यावरचं वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर घाला, हेडफोन ठेवा, आणि ग्रंथपालांना नोंदणी कशी करायची ते शिकवा. याला इमारत निधी लागत नाही.

पुस्तकखरेदीबद्दल एकच मुद्दा मांडते. आपल्या मातीतून आलेले लेखक आपल्या वाचनालयात कुठे ठेवलेले असतात ते एकदा फिरून पाहा. फलटण भागातल्या कैकाडी समाजातून आलेले लक्ष्मण माने, शेजारच्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, आटपाडीचे शंकरराव खरात. एका ठिकाणी मी ही सगळी पुस्तकं ‘दलित साहित्य’ असं लिहिलेल्या वेगळ्या कपाटात पाहिली, कोपऱ्यात, कुलूप लावलेल्या. शासनानं प्रकाशित केलेले डॉ. आंबेडकरांचे खंडही त्याच कुलपात. विचारलं तर म्हणाले, मौल्यवान आहेत म्हणून. हेतू चांगला असेल. पण कथा कथांच्या कपाटात असावी, कादंबरी कादंबऱ्यांच्या. गावात एकेकाळी वस्ती वेगळी होती, ती आपण कपाटात पुन्हा वसवू नये.

पैशाचं म्हणाल तर तुमची ओढाताण मला माहीत आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात ग्रंथालय कर नाही. शेजारच्या कर्नाटकात १९६५ च्या कायद्यानं तो आहे. आपण अनुदानावर, वर्गणीवर आणि देणग्यांवर चालतो. ग्रंथपालांना आणि सेवकांना मिळणारं वेतन सांगायलाही संकोच वाटावा असं आहे. त्यासाठी तुम्ही मोर्चे काढाल तेव्हा मला बोलवा, मी येईन. पण मी वर जे मागितलं त्यातलं बहुतेक पैशाचं नाही. शिफारशीच्या दोन सह्या रद्द करायला पैसे लागत नाहीत. अनामत परवडत नसेल तिथं ग्रामपंचायत सदस्याचं, आशा ताईंचं किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांचं एक पत्र पुरेसं मानायला पैसे लागत नाहीत. दुपारच्या तीन तासांसाठी सकाळचा एक आणि संध्याकाळचे दोन तास आठवड्यातून दोन दिवस हलवता येतात. नवसाक्षरांसाठी मोठ्या अक्षरातली, मोठ्या माणसांच्या आयुष्यावरची छोटी पुस्तकं नॅशनल बुक ट्रस्ट काढतो आणि ती स्वस्त असतात. एक फळी भरेल एवढी तरी घ्या, आणि ती फळी बाल विभागात ठेवू नका. दारातून आल्या आल्या दिसेल अशी ठेवा.

पुस्तकं परत येणार नाहीत, ही भीती मी अनेक कार्यवाहांच्या तोंडून ऐकली आहे. आपल्याच जिल्ह्यात पाचगणीजवळ भिलार आहे. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं. तिथल्या लोकांनी आपल्या राहत्या घरांत, ओसरीवर पुस्तकांची कपाटं लावून घेतली. कुठूनही आलेला अनोळखी माणूस त्या घरात शिरतो, बसतो, वाचतो, उठून जातो. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या त्या कुटुंबांनी त्याच्याकडे जामीन मागितला नाही. काही पुस्तकं जातील. पुस्तक हरवलं तर त्याची किंमत मांडता येते. ताई दारातून परतल्या, ते कुठल्या खात्यात मांडायचं?

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली सांगितलेले ग्रंथालयाचे पाच नियम तुमच्या ग्रंथपालांना परीक्षेसाठी पाठ करावे लागले असतील. त्यातला दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, त्यांच्या फोटोला हार घालताना या वर्षी तो एक नियम मोठ्यानं वाचा आणि सभासदांची वही शेजारी उघडी ठेवा.

पुढच्या बैठकीत जमाखर्चाच्या आधी हा विषय घ्यावा, ही माझी विनंती आहे. गावाचा साधा नकाशा काढा, वाड्या, वस्त्या, पालं, मोहल्ले सगळं दाखवा, आणि वहीतल्या प्रत्येक नावासाठी एक टिंब द्या. जिथं टिंब नाही तिथं पुढच्या रविवारी कार्यकारी मंडळातले दोघं जण जाऊन बसू देत. अर्ज घेऊन जाऊ नका. चार पुस्तकं घेऊन जा आणि काय हवं ते विचारा. मला बोलावलंत तर जिल्ह्यात कुठंही मी स्वखर्चानं येईन. सेवानिवृत्त शिक्षकांचा आमचा गट आहे, त्यातले आणखी काही जण तयार आहेत.

येत्या ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, मी ताईंना घेऊन पुन्हा त्याच वाचनालयात जाणार आहे. मधल्या काळात आम्ही दोघींनी वर्तमानपत्राचे मथळे वाचले, बसच्या पाट्या वाचल्या, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचली. त्यांचं वाचन मी जाऊ दिलेलं नाही. पुस्तक मागायची चिठ्ठी या वेळी त्या स्वतः लिहिणार आहेत. त्यांना वेळ लागेल, मागे रांग असेल. तेवढा वेळ खिडकी उघडी ठेवा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका आणि आजीव सभासद
सातारा